जावातल्या गावात जमीन कुणाची, हे कोण सांगतं?

२ फेब्रुवारी २०२६. इंडोनेशियात, त्यातही जावा बेटावरच्या खेड्यांत, ही तारीख बराच काळ काळजीचा विषय होती. २०२१ साली निघालेल्या १८ क्रमांकाच्या सरकारी नियमावलीनं सांगितलं होतं, की जमिनीचे परंपरागत जुने कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पाच वर्षांच्या आत जमिनीची रीतसर नोंदणी करून घ्यावी. मुदत उलटली की तो कागद मालकीचा पुरावा म्हणून चालणार नाही. मग समाजमाध्यमांवर अफवा उठली की सरकार अशा जमिनी ताब्यात घेणार. अखेर तिथल्या जमीनविषयक मंत्रालयाला खुलासा करावा लागला की कुणाचीही जमीन जाणार नाही.

या बातम्या वाचताना आपल्याला साधा प्रश्न पडतो. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तीच भातखाचरं कसतायत, त्यांच्याकडे पक्का कागद कसा नाही? त्यांना कळत नाही म्हणून, किंवा सरकार ढिसाळ म्हणून, अशी उत्तरं देऊन भागत नाही. जावातल्या गावात मालकीचा खरा आधार शेजाऱ्यांना असलेली माहिती हा आहे, आणि ती माहिती तुम्ही तिथे राहत असाल, दिसत असाल, तोवरच जिवंत राहते. हे एकदा ध्यानात आलं की जमीन, घर, वारसा, येणंजाणं यांची सगळी गुंतागुंत उलगडायला लागते.

आधी गाव बघू

जावा महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे. २०२० च्या जनगणनेत मात्र तिथे १५ कोटींहून जास्त माणसं होती. ज्वालामुखींची सुपीक माती, भरपूर पाऊस आणि वर्षात दोन, कुठे तीन भातपिकं, यामुळे एवढी माणसं त्या मातीवर जगू शकली. पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा बारीक होत गेला. अर्ध्या हेक्टरपेक्षा, म्हणजे सव्वा एकरापेक्षा, कमी जमीन असलेली शेतकरी कुटुंबं सगळ्या इंडोनेशियात २०१३ साली १ कोटी ४२ लाख होती. २०२३ च्या कृषिगणनेत ती १ कोटी ६९ लाखांच्या घरात गेली. गावात जुनी माणसं अजून ‘बाऊ’ या मापात बोलतात. एक बाऊ म्हणजे साधारण सत्तर गुंठे. पूर्ण एक बाऊ असलेला माणूस गावात बरा खाऊनपिऊन सुखी समजला जातो.

‘देसा’ म्हणजे ग्रामपंचायतीचं गाव. त्याच्या पोटात वाड्या असतात आणि वाडीत काही डझन घरांचा एकेक शेजारगट. या गटाला ‘आरटी’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी जावा व्यापलं तेव्हा लोकांवर नजर ठेवायला ही व्यवस्था आणली. जपानी गेले, व्यवस्था राहिली आणि पुढे गावानं ती आपलीशी केली. आरटीचा प्रमुख हा त्या घरांपैकीच एक शेजारी असतो. कुणाकडे पाहुणा राहायला आला तर चोवीस तासांत त्याला कळवायचं. तशी पाटीच वाडीच्या तोंडाशी लावलेली दिसते.

या शेजारगटाची एक रीत मला फार आवडते. संध्याकाळी प्रत्येक घराच्या दाराशी, खिळ्याला टांगलेल्या डब्यात किंवा कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, चिमूटभर तांदूळ टाकून ठेवतात. हल्ली तांदळाऐवजी पाचशे रुपियांचं (रुपिया हे तिथलं चलन) नाणंही असतं. रात्री गस्तीची पाळी असलेली माणसं घराघरासमोर थांबून तो डबा रिकामा करतात. त्यातून जमलेले पैसे रस्त्याच्या दिव्याला, गटाराच्या डागडुजीला, कुणाच्या मयतीला उपयोगी पडतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की रोज रात्री कुणीतरी प्रत्येक घरासमोर उभं राहतं. कोणतं घर बंद आहे, कुणाचा मुलगा जाकार्ताहून आलाय, कुणाची तब्येत बरी नाही, हे गावाला ठाऊक असतं. बांध कुठून जातो हेही तसंच ठाऊक असतं.

एका तुकड्यावर किती जणांचा हक्क?

जमीन विकत घेतली की तिच्यावरचं घर आणि झाडंही आपली, असं आपण धरून चालतो. जावातल्या परंपरागत कायद्यात तसं गृहीत नाही. जमीन एकाची, तिच्यावरचं घर दुसऱ्याचं आणि परसातलं नारळाचं झाड तिसऱ्याचं असू शकतं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. जुनी जावानीज घरं लाकडी. खांब, तुळया, कोरीव फळ्या एकमेकींत खुंट्यांनी बसवलेल्या. त्यामुळे घर सुटं करता येतं. चार सागवानी खांबांचं उंच छपराचं घर उतरवून, तुकड्यांवर खुणा करून, ट्रकवर लादून दुसऱ्या गावी उभं करतात. घर विकलं जातं आणि जागा जुन्या मालकाकडेच राहते.

शेतीतही तोच प्रकार. खाचर एकाचं, कसणारा दुसरा, निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्शाच्या वाट्यानं. पीक कापणीला आलं की उभं भात व्यापाऱ्याला ठरावीक रकमेला विकून टाकायची पद्धत आहे. म्हणजे कापणीपुरता त्या शेतावर तिसऱ्याच माणसाचा हक्क येतो. पैशाची नड लागली तर खाचर गहाण पडतं आणि सावकार ते कसतो. याबाबत १९६० चा एक कायदा मला फार माणुसकीचा वाटतो. गहाण जमीन सावकारानं सात वर्षं कसली असेल, तर पुढच्या कापणीनंतर महिन्याभरात ती मूळ मालकाला परत द्यायची, तीही एक पैसा न घेता. सात वर्षांच्या पिकात त्याचं कर्ज वसूल झालं, असा त्यामागचा हिशेब.

काही जमीन तर कुणा माणसाची नसून पदाची असते. सरपंच, ग्रामसचिव, वाडीचा प्रमुख यांना पगाराऐवजी गावाची खाचरं कसायला मिळायची. या जमिनीला ‘बेंगकोक’ म्हणतात. पद गेलं की जमीन पुढच्या माणसाकडे. आपल्याकडच्या वतनाची आठवण येईल, पण वतन वंशपरंपरेनं घराण्यात राहायचं. बेंगकोक तसं राहत नाही. आता पदाधिकाऱ्यांना मानधन मिळतं आणि ही जमीन गावाच्या मालमत्तेत मोजली जाते. तरी बऱ्याच ठिकाणी तिचं उत्पन्न त्यांनाच जातं. सरपंचपदाची निवडणूक एवढ्या ईर्ष्येनं लढली जाते, त्याचं एक कारण हेही आहे.

मग तो जुना कागद म्हणजे काय?

ग्रामसचिवाच्या कपाटात एक मोठी, कडा फाटलेली नोंदवही असते. तिला ‘लेटर सी’ म्हणतात. एकेका पानावर एकेका खातेदाराचं नाव. खाली रकाने: जमिनीचा क्रमांक, प्रत, क्षेत्र, कर. ओलिताच्या भातजमिनीला एक अक्षर, कोरडवाहूला दुसरं, आणि पुढे रोमन आकड्यात तिचा दर्जा. सर्वात उजवीकडे बदलाचं कारण आणि तारीख. हा रकाना वाचायला मिळाला तर अख्ख्या घराचा इतिहास कळतो: अमक्याकडून आली, मुलीला दिली, तमक्याला विकली. बऱ्याच नोंदी खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या. या वहीतल्या नोंदीचा जो उतारा किंवा कराची चिठ्ठी खातेदाराच्या हाती पडायची, तिला प्रांताप्रांतांत ‘गिरिक’, ‘पेतोक’ अशी नावं. मुदतीचा सगळा वाद या कागदांचा.

ही वही करवसुलीसाठी होती. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. एखाद्या घराचं लाइट बिल कुणाच्या नावावर येतं यावरून घर त्याचंच असं आपण म्हणत नाही, तसंच हे आहे. इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयानंही १९६० मध्येच सांगितलं होतं की असा कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. पण गावात दुसरा कागदच नव्हता, म्हणून लोक यालाच मालकी मानत आले.

इथे आपला एक खरा धागा जुळतो. १८११ ते १८१६ या काळात जावा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि तिथला कारभार स्टॅमफर्ड रॅफल्सकडे होता. त्यानं जमिनीवर रोख सारा बसवला, आणि त्याची पद्धत मद्रास इलाख्यातल्या रयतवारीशी जवळची होती. मुंबई इलाख्यातही पुढे रयतवारीच आली आणि आपल्या सातबाऱ्याची मुळं त्याच महसुली कागदपत्रांत आहेत. सातबारा म्हणजे मालकीहक्काचा अंतिम पुरावा नव्हे, हे आपल्याकडचा कुठलाही वकील सांगेल. सारा भरणारा तो मालक, ही समजूत दोन्हीकडे एकाच घडणीतून आली.

“सरकार जमीन घेईल”, ही भीती आली कुठून?

शहरातली माणसं या अफवेला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण भीतीला इतिहास आहे.

ब्रिटिशांच्या आधी जावावर डचांची सत्ता होती. ते परत आल्यावर १८३० पासून त्यांनी सक्तीची लागवड आणली. गावानं आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांसाठी द्यायचा. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी यापेक्षा जास्त जमीन गेली आणि मजुरी वेगळी. वेठ होती ती जमीनधारकांवर. म्हणून काही भागांत गावांनी खाचरं सामाईक करून वाटे फिरते ठेवले, म्हणजे ओझं जास्त घरांत वाटलं जाईल. मग १८७० साली डच सरकारनं जाहीर केलं, की जी जमीन कुणी आपल्या मालकीची असल्याचं सिद्ध करू शकत नाही ती सरकारची. सिद्ध कशानं करायची? डच कायद्याला मान्य अशा कागदानं. तो शेतकऱ्याकडे कुठून असणार?

स्वातंत्र्यानंतर २४ सप्टेंबर १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानं ही तरतूद रद्द केली. परंपरागत हक्कांना मान्यता दिली आणि त्यांचं रूपांतर पूर्ण मालकीत होईल अशी सोय केली. हा दिवस इंडोनेशियात शेतकरी दिन म्हणून पाळतात. पण ‘सिद्ध करा, नाहीतर…’ हे वाक्य गावाच्या आठवणीत राहिलं. २०२१ च्या नियमावलीची भाषा कानावर पडली तेव्हा आजोबांच्या गोष्टीच आठवल्या असतील.

प्रत्यक्षात मुदतीनंतर काय बदलतं? गिरिक दाखवून ‘मी मालक’ असं सांगता येत नाही. नोंदणी करताना मात्र ही जमीन या घराकडे होती याची खूण म्हणून तो कागद कामी येतो. शिवाय १९९७ च्या नियमानुसार, जो वीस वर्षं सलग, उघडपणे, प्रामाणिकपणे जमीन कसतोय आणि विश्वासू साक्षीदार तसं सांगतायत, त्याची नोंदणी कागद नसतानाही होऊ शकते. म्हणजे कायदासुद्धा अखेर शेजाऱ्यांच्या साक्षीवरच येऊन थांबतो.

एवढं सोपं असेल तर लोक नोंदणी का करत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे. सरकारनं गावच्या गाव एकदम मोजून प्रमाणपत्रं देण्याची मोहीम गेली काही वर्षं मोठ्या प्रमाणावर चालवली आहे. मोजणी सरकारी खर्चानं होते. खुंट, मुद्रांक, कागदपत्रं यांच्या तयारीसाठी जावा आणि बालीत दीड लाख रुपियांपर्यंतच घ्यायचे, असं २०१७ मध्ये तीन मंत्र्यांनी संयुक्तपणे ठरवून दिलं. आपले साधारण आठशे रुपये. म्हणजे पैसा हे एकमेव कारण नाही.

पहिली अडचण व्यवहाराची. कित्येक जमिनी नुसत्या पावतीवर विकल्या गेल्या आहेत. मुद्रांक चिकटवायचा, दोघांनी सह्या करायच्या, सरपंच साक्षीला. रीतसर खरेदीखत करायचं तर विकणाऱ्याला अडीच टक्के आणि घेणाऱ्याला पाच टक्क्यांपर्यंत कर. पावतीत हे वाचतात. वीस वर्षांनी नोंदणीची वेळ येते तेव्हा विकणारा वारलेला असतो आणि त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात.

दुसरी अडचण वाटणीची. जावानीज कुटुंबात मुली जमिनीतून वगळल्या जात नाहीत. काही घरी सगळ्यांना सारखं, काही घरी मुलाला दोन आणि मुलीला एक वाटा, आणि म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणाऱ्याकडे राहतं घर. आईबाप हयातीतच तुकडे नेमून देतात, पण वहीतलं नाव आजोबांचंच राहतं. लग्नानंतर नवराबायकोनं मिळून कमावलेली मालमत्ता दोघांची, हीही जुनी रूढी आहे. १९७४ च्या विवाह कायद्यानं अशी मालमत्ता सामाईक मानली. नोंदणीच्या वेळी मात्र घरातला कर्ता पुरुष पुढे होतो आणि प्रमाणपत्रावर त्याचंच नाव लागतं. रूढीनं बाईला जे मिळालं ते कागदावर गळून पडण्याचा धोका इथे आहे. या मोहिमेतली मला सर्वात खटकणारी बाजू हीच.

तिसरी अडचण बांधाची. मोजणीच्या वेळी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांनी हद्द मान्य करावी लागते. आधी खुंट रोवा, मग मोजणी होईल. लोकांनी आपले खुंट आपणच रोवावेत म्हणून सरकारनं ३ फेब्रुवारी २०२३ रोजी देशभर दहा लाख खुंटांची मोहीम काढली. पण पूर्वेच्या खाचराचा मालक जाकार्तात आणि उत्तरेची मालकीण हाँगकाँगला घरकामाला असेल, तर मोजणी अडते.

गाव सोडलं की काय होतं?

जुन्या जावात माणसाचा प्रवास बाजारापुरता होता. तिथे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचं एक चक्र चालतं: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आसपासच्या गावांचे बाजार या पाच वारांत वाटलेले. बाजारांची नावंच ‘पासार लेगी’, ‘पासार क्लिवोन’ अशी. पायी किंवा सायकलीनं जाऊन संध्याकाळी परत यायचं, एवढंच गावाचं जग.

आज प्रत्येक घरासमोर मोटरसायकल आहे आणि डिसेंबर २०१८ पासून पश्चिमेच्या मेराकपासून पूर्वेच्या सुराबायापर्यंत सलग टोलरस्ता आहे. तरुण मुलं कारखान्यांत, मुली तैवान-मलेशियाला. ईदला कोट्यवधी माणसं गावाकडे निघतात. आईवडिलांच्या पाया पडणं, कबरीवर फुलं वाहणं, आणि सगळी भावंडं जमलीच आहेत तर रखडलेल्या वाटणीचं बोलणं, हे त्या सुट्टीतच उरकायचं असतं.

गंमत म्हणजे कायद्यालाही माणूस जवळच हवा असतो. १९६१ ची एक तरतूद सांगते की शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा असला पाहिजे. ‘तालुका’ मी सोयीसाठी म्हणतोय. तिथला हा घटक आपल्या तालुक्यापेक्षा बराच लहान असतो. शेजारच्या तालुक्यातला मालक चालतो. सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तर जमीन दुसऱ्याला द्यायची. जाकार्तात राहणाऱ्या मुलाला वडिलांचं खाचर वारशानं आलं, तर त्यानं वर्षभरात गावी परतावं किंवा ते तिथल्या कुणाला द्यावं. सरकारी नोकरांना सूट आहे. शहरी पैसेवाल्यांनी खेड्यातली जमीन बळकावू नये हा हेतू स्वच्छ होता, पण पोटासाठी बाहेर पडलेला गरीबही त्याच जाळ्यात सापडतो. अंमलबजावणी ढिली आहे. लोक ओळखपत्रावर गावचाच पत्ता ठेवतात. पैसेवाले तर गावातल्याच कुणाच्या नावानं घेतात.

परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येते का?

पूर्ण मालकीनं नाही. १९६० च्या कायद्यानं ती फक्त इंडोनेशियन नागरिकांना ठेवली आहे. परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क मिळू शकतो. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन आतून करार करायचा, हा मार्ग दलाल सुचवतात. तो व्यवहारच कायद्यानं रद्दबातल आहे, आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. इंडोनेशियन जोडीदाराशी लग्न झालेल्यांनी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करावा लागतो. तो लग्नानंतरही करता येतो, असा निर्णय तिथल्या घटना न्यायालयानं दिला आहे.

आणि जो कसतो पण ज्याच्या नावावर काहीच नाही?

मुदतीच्या चर्चेत हा माणूस कुठेच नाही. वाट्यानं कसणारा, कापणीला जाणारी, दुसऱ्याच्या परसात झोपडी बांधून राहणारे. त्यांच्याकडे गिरिकही नाही, त्यामुळे मुदतीचा प्रश्नच येत नाही. वाटेकऱ्यासाठी १९६० चाच दुसरा कायदा आहे. करार सरपंचासमोर लेखी करायचा, ओलिताच्या जमिनीला किमान तीन वर्षांचा, कोरडवाहूला पाच. १९६३ पासून डाव्या शेतकरी संघटनांनी या कायद्यांची अंमलबजावणी स्वतःच सुरू केली. जमिनी ताब्यात घेतल्या, वाटे बदलून मागितले, गावं दुभंगली. मग १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवलेल्या लाखो लोकांचं हत्याकांड झालं. त्यानंतर कित्येक वर्षं लेखी करार मागणं म्हणजे ‘तू त्यांच्यातला’ असा शिक्का ओढवून घेणं होतं. करार तोंडीच राहिले आणि आजही बहुतेक तोंडीच आहेत.

खाचराला प्रमाणपत्र मिळालं की ते बँकेत तारण ठेवता येतं, विकणं सोपं होतं, आणि रस्त्यात किंवा धरणात गेलं तर भरपाई नाव असलेल्याला मिळते. वाटेकऱ्याला मिळायचं ते मालकाच्या मनावर. मोहिमेतली मोजणी चालू असताना कसणाऱ्याचं नाव टिपून घ्यायला, आणि सरपंचासमोरच्या कराराचा कागद त्याच दिवशी करून घ्यायला, नवा कायदा लागत नाही. जो आहे तो १९६० पासून तसाच पडून आहे.